कुठं असता?

आमच्या पट्ट्यात नवा माणूस भेटला की नावगाव मागाहून. आधी विचारतात, ‘कुठं असता?’ यावर कुणी घराचा पत्ता सांगितला तर त्याला प्रश्नच कळला नाही असं समजायचं. उत्तर कंपनीचं द्यायचं असतं. ‘टेल्कोत.’ ‘बजाजला.’ ‘एचएत.’ त्या एका शब्दात पगार येतो, बोनस येतो, मुलगी द्यायची की नाही तेही येतं. टेल्कोची टाटा मोटर्स होऊन वीस वर्षं उलटली, तरी निगडी-चिंचवडच्या कट्ट्यांवर अजून टेल्कोच आहे.

२००९ सालचा मे महिना. चिखलीत आमच्या नात्यातलं लग्न होतं. पंगतीत अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेजारी मुलीकडचे एक पाहुणे बसले होते. जिलबी वाढून झाली आणि त्यांनी सहज विचारलं, ‘आपण कुठं असता?’

अण्णांना कंपनीनं घरी बसवून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ते काही बोलले नाहीत. पाण्याचा ग्लास उचलला, सावकाश प्यायले, आणि रिकामा झाल्यावरही तो तोंडाशी तसाच धरून ठेवला. मी भाताचं पातेलं घेऊन समोर उभी होते. मला पुढं सरकता येईना. तेवढ्यात मागच्या बायकांच्या पंगतीतून आजीचा खणखणीत आवाज आला, ‘आमी घाण्यावरचं, बाबा. चाकणचं तेली.’

अण्णांनी ग्लास खाली ठेवला आणि अर्ध्या ताटावरून उठले. घरी जाईपर्यंत ते आजीशी एक शब्द बोलले नाहीत.

चाकणातला आमचा घाणा बंद पडून त्या दिवशी सदतीस वर्षं झाली होती. मी तो कधी पाहिला नाही. पण आजीनं इतक्या वेळा सांगितला आहे की मला तो डोळे मिटून चालवता येईल. घराच्या मागच्या पडवीत जमिनीत पुरलेलं लाकडी उखळ, त्यात तिरकी उभी बाभळीची लाट, लाटेला जोडलेली आडवी फळी आणि फळीच्या टोकाला बैल. फळीवर वजनाला दगड. आजोबा मधूनमधून स्वतःच त्यावर बसायचे. बैलाच्या डोळ्यांना झापड. एका खेपेला उखळात दहा-बारा किलो दाणे पडत. आजीच्या बोलण्यात तो ‘एक घाणा’. भज्यांचा पहिला घाणा तळून झाला असं आपण म्हणतो तो शब्द इथूनच स्वयंपाकघरात आला असणार, असं मला वाटतं.

सुरुवातीला दाण्याचा नुसता भरडा होतो. मग तो लाटेला चिकटायला लागतो. त्या वेळी कोमट पाण्याचा हबका मारायचा. ‘किती?’ असं मी विचारलं की आजी ओंजळ करून दाखवायची आणि म्हणायची, ‘हातालाच कळतं.’ पाणी कमी पडलं तर पेंड तेल धरून ठेवते, जास्त झालं तर तेल गढूळ होतं. बेताचं पडलं की भरड्याचा लगदा कडेला दाबला जातो, मध्ये चकाकी येते आणि मग तेल सुटतं. ‘तेल आलं’ असं ती कधी म्हणाली नाही. ‘सुटलं’ म्हणायची, बाळंतीण सुटली म्हणतात तसं.

करडई, भुईमूग, तीळ, कारळं. शनिवारी चाकणचा बाजार भरायचा. खेडेगावातून लोक बैलगाडीत कांदा घेऊन यायचे आणि जाताना तेल न्यायचे. पेंड जनावरांना जायची. त्या घाण्यावर सहा माणसं जेवत होती.

तो एकदम बंद पडला नाही. आधी गिरण्यांचं तेल आलं, मग डालडा आला. वर्ध्याला मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी घाण्यात सुधारणा केली, तिला ‘वर्धा घाणी’ म्हणत. गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाच्या माणसांना वाटत होतं की गावातला तेली उभा राहिला पाहिजे. आजोबांनी त्या घाणीबद्दल ऐकलं होतं, पण ती घ्यायला पैसा नव्हता. मग १९७२ चा दुष्काळ आला. बैलाला चारा राहिला नाही. आजोबांनी त्याच शनिवारच्या बाजारात बैल विकला. झापड मात्र परत घेऊन आले. ती आजीच्या ट्रंकेत तिच्या लग्नाच्या शालूखाली होती, हे आम्हाला ती गेल्यावर कळलं.

अण्णा तेव्हा सतरा वर्षांचे होते.

त्याच्या आदल्याच वर्षीची एक गोष्ट अण्णांनी आत्याखेरीज कुणाला सांगितली नव्हती. मला आत्यानं सांगितली. सकाळी शाळेत जाण्याआधी घरोघरी तेल घालून येणं हे अण्णांचं काम होतं. एका घरी ते किटली घेऊन गेले, तर घरातली बाई लगबगीनं बाहेर आली आणि म्हणाली, ‘अरे थांब, थांब तिथंच कोपऱ्यावर. पोराची परीक्षा हाय आज, आडवा येऊ नको.’ सकाळी तेली दिसला की काम होत नाही, असं मानणारी घरं तेव्हा गावोगाव होती. ती बाई वाईट होती असंही नाही; दिवाळीला आजीला फराळ द्यायची. अण्णा कोपऱ्यावर थांबले. तो मुलगा कपाळाला कुंकू लावून, हातावर दही घेऊन त्यांच्या समोरून गेला. तो अण्णांच्याच वर्गातला होता आणि अण्णांचीही त्या दिवशी तीच परीक्षा होती.

त्यांनी किटली भिंतीशी ठेवली, हात मातीला पुसले आणि त्याच्यामागून, वीस पावलांचं अंतर ठेवून, परीक्षेला गेले.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. मला लहानपणापासून अण्णांचं एक वागणं कळत नव्हतं, ते त्या दिवशी कळलं. कामावरून आले की ते केसांना कधी तेल लावू द्यायचे नाहीत. आई बाटली घेऊन आली की मान बाजूला करायचे.

औंधच्या आयटीआयमधून ग्राइंडरचा कोर्स करून १९७६ साली ते चिंचवडच्या एका कंपनीत लागले. भरतीच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना होता. त्यांनी लिहिलं, ‘शेती’. आमची एक गुंठाही शेती नव्हती.

त्या काळात हा सगळा पट्टाच नवं नाव घेत होता. आमच्या घरात कंपनीत गेलेलं पहिलं माणूस म्हणजे आत्या. ती एचएत पॅकिंगला होती. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, पिंपरी. १९५४ साली सरकारनं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं काढलेली कंपनी, आणि पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. आत्या सांगायची, एचएत आहे म्हटल्यावर रिक्षावाला सुट्ट्या पैशांसाठी भांडायचा नाही. औषधाची कंपनी म्हणजे पुण्याचं काम, असं लोक धरून चालत. तिच्या तोंडून मी लहानपणी ‘हमायसिन’ हे नाव ऐकलं. बुरशीच्या आजारावरचं औषध. एचए या अक्षरांवरूनच त्याचं नाव पडलं. डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ज्या सूक्ष्म जीवापासून काढलं, त्याला त्यांनी गावाचं नाव दिलं: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. जगातल्या शास्त्राच्या पुस्तकांत पिंपरी आहे ती अशी. मला हे फार आवडतं. मोठ्या शोधाला मोठ्या माणसाचं नाव द्यायची रीत आहे. या लोकांना पिंपरी हे नाव पुरेसं वाटलं.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर, पिंपरीला टेल्कोच्या ट्रक. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी एकत्र करून नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. १९७२ मध्ये नवनगर प्राधिकरण आलं आणि आणखी जमिनी गेल्या. कालपर्यंत ज्वारी खुडणारी माणसं वर्षा-दोन वर्षांत पहिल्या पाळीला जायला लागली. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं होती, मराठवाड्यातून दुष्काळानं आणलेली होती, केरळातून टायपिस्ट म्हणून आलेले होते. सगळ्यांच्या मागं काहीतरी सुटलेलं होतं. अशा गावात कंपनीचं नाव फार उपयोगी पडतं. ते लावलं की मागचं कुणी विचारत नाही. अण्णांनीही तेच केलं, आणि मी त्यांना दोष देत नाही. भोंगा वाजला की सगळे एकाच रंगाच्या कपड्यात आत जातात. कोपऱ्यावर कुणाला थांबवत नाहीत. ज्याला एकदा थांबवलं आहे त्यालाच याची किंमत कळते.

आत्याच्या शेजारच्या टेबलावर एक बेने इस्रायली ज्यू बाई होत्या, मूळच्या अलिबागकडच्या. नऊवारीतल्या आईचा फोटो पर्समध्ये ठेवणाऱ्या. डबा खाताना आत्यानं एकदा हळू आवाजात त्यांना आपली जात सांगितली, तर त्या मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, आम्ही पण तेलीच. शनवारतेली!’ मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पूर्वजांचं जहाज कोकण किनाऱ्यावर नवगावजवळ फुटलं, सात जोडपी तेवढी वाचली, अशी त्यांच्यातली कथा. ती माणसं कोकणात राहिली, मराठी बोलायला लागली, घाणे चालवायला लागली. पोथ्या बुडालेल्या. कितीतरी पिढ्या आपण कोण हे नीट सांगायलाही कुणी नव्हतं. पण शनिवारी घाणा जुंपायचा नाही एवढं त्यांनी सोडलं नाही. गाव त्यांना शनवारतेली म्हणायला लागलं. ‘बाकी सगळं विसरलो,’ त्या आत्याला म्हणाल्या, ‘पण घाणा कुठल्या दिवशी बंद ठेवायचा ते नाही विसरलो. तेवढ्यावरनं आम्ही आम्हाला सापडलो.’ पुढं त्या मुलांकडे इस्रायलला गेल्या. तिकडे बेने इस्रायलींना पुरते ज्यू मानायचं की नाही यावरही बराच वाद झाला होता. १९६४ साली तिथल्या संसदेनं तो निकालात काढला. आपण कोण हे स्वतःला ठाऊक असूनही दुसऱ्याच्या सहीसाठी थांबावं लागतं, हे त्या बाईंना चांगलं माहीत होतं. आत्याकडे त्यांचं शेवटचं पत्र आहे. मराठीत, मोडी वळणाच्या अक्षरात.

आजीकडे मात्र हे सगळं एका माणसाच्या गोष्टीत मावायचं. त्या माणसाचं नाव संताजी जगनाडे.

घरात कुणी तेली म्हणून मान खाली घातली की आजी ही गोष्ट काढायची. संताजी चाकणचे. जन्म १६२४ चा. घरचा घाणा. वडील विठोबा, आई मथाबाई. मुलगा घाणा चालवायचा आणि हिशेब ठेवायचा, म्हणजे अक्षर होतं. चक्रेश्वराच्या देवळात देहूच्या तुकोबांचं कीर्तन झालं, ते यानं ऐकलं आणि घरी येऊन म्हणाला, मी चाललो. इथं आजी नेहमी थांबायची आणि बोट वर करायची. ‘चाललो म्हनला, पन तुकोबांनीच त्याला माघारी धाडलं. म्हनले, संसारात ऱ्हाऊनच कर.’

मला लहानपणी हे खटकायचं. गोष्टीतला माणूस घर सोडून जायला हवा, असं वाटायचं. हा परत घाण्यावर आला. घाणा चालवत राहिला, टाळ घेऊन तुकोबांच्या मागं उभा राहिला, आणि जे ऐकलं ते वहीत उतरवत गेला. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत त्याचं नाव घेतात. तुकोबा स्वतः दुकानदार. महाजनकीचं घर, वाण्याचा धंदा, १६३० च्या दुष्काळात धंदा बसला, बायको अन्न अन्न करत गेली. त्यातून उठले ते निराळेच होऊन. वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली. पुढं त्यांच्या अभंगांच्या वह्याही त्याच नदीत सोडायला लावल्या. त्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, असं देहूत सांगतात. आजी सांगायची ते जरा वेगळं होतं: वह्या बुडाल्या तेव्हा संताजी गावोगाव फिरला, ज्याच्या ज्याच्या तोंडात अभंग होता त्याच्याकडून ऐकून पुन्हा उतरवून घेतला. ‘देवानं वर काढल्या की तेल्यानं, तूच ठरव,’ असं म्हणून ती पदर सारखा करायची.

जगनाडे घराण्यात जपलेल्या वह्या मात्र खरोखरच आहेत. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे यांनी त्यांच्या आधारानं १९१९-२० मध्ये तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ छापला. अस्सल हा शब्द त्यांनी शीर्षकातच घातला. एका तेल्याच्या हातची वही म्हणून अस्सल! आजीला वाचता येत नव्हतं, भावे कोण हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिला हे वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तेलाचं डाग असत्याल त्या वहीला.’

गोष्टीचा शेवट सुदुंबऱ्यात. चाकण-तळेगाव रस्त्यावरून आत गेलं की लागतं. संताजींची समाधी तिथं आहे. तुकोबा आधी गेले, १६५० मध्ये. संताजींना त्यांनी शब्द दिला होता, तुझ्या मातीला मी येईन. संताजी गेले, लोक माती लोटत राहिले, अंग झाकलं, पण मुख काही झाकेना. ओंजळीवर ओंजळ पडली तरी तोंड उघडंच. तेव्हा तुकोबा आले, तीन मुठी माती टाकली, आणि मुख झाकलं. आजी इथं आवाज खाली आणायची. ‘ज्यानं आपल्याला वळखलं त्याच्या हातानं जायचं असतं,’ म्हणायची.

मी स्वतः चाकणच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं क्वालिटीत होते. २००२ ते २०२१. माझ्या टेबलावर गो आणि नो-गो गेज असायचे. भोकात गो गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. इतकं साधं. एका पाळीत हजारभर पार्ट हाताखालून जायचे. मला ते काम आवडायचं. हे मुद्दाम सांगते, कारण नोकरी सोडून स्वतःला शोधलं असं कुणी बोललं की वाटतं नोकरीत ती व्यक्ती खोटी होती. अण्णा त्यांच्या मशीनवर अगदी खरे होते. पाच मायक्रॉनचा फरक ते अंगठ्यानं सांगायचे आणि मग मायक्रोमीटर लावून मला दाखवायचे. त्यांच्या हाताला ते आजीकडूनच आलं होतं, पाण्याचा हबका मोजणाऱ्या हाताकडून. खोटं काय होतं, तर फॉर्मवरचा तो ‘शेती’ शब्द. त्या एका शब्दाची राखण करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. शेतीबद्दल कुणी काही विचारू नये म्हणून ते कॅन्टीनमध्ये पावसाचा विषयही काढायचे नाहीत.

१९९९ मध्ये बजाजनं चाकणला कारखाना काढला, मग आजूबाजूला म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी सगळीकडे शेडी उभ्या राहिल्या. २००९ मध्ये फोक्सवॅगन, मर्सिडीज. २००७ च्या सप्टेंबरमध्ये आकुर्डीतलं बजाजचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी अण्णांच्या कंपनीनंही आपला कारखाना चिंचवडहून हलवला. कुठं, तर चाकणला. जुन्या माणसांना व्हीआरएस दिली. जे गाव सोडून अण्णा कंपनीत गेले होते, त्याच गावात कंपनी आली, आणि अण्णा चिंचवडला राहिले.

२०२० च्या टाळेबंदीत आजीची ट्रंक मी उघडली. ती जाऊन चार वर्षं झाली होती, कुणी उघडली नव्हती. शालूखाली झापड निघाली. चामड्याची, कडक झालेली, आतून अजून तेलकट. मी ती नाकाशी नेली. करडईचा वास आला की मला तसं वाटलं, सांगता येणार नाही. पण त्या रात्री मी घाण्याची माहिती काढत बसले ते पहाटे दोनपर्यंत. लाकडी घाण्याच्या तेलाला शहरात पुन्हा गिऱ्हाईक होतं. बैलाऐवजी मोटर, लाट मात्र लाकडाची आणि फिरते तशीच सावकाश, म्हणून तेल तापत नाही. अडीच ते पावणेतीन किलो शेंगदाण्याला एक लिटर तेल. हिशेब मी चार वेळा केला. चारही वेळा तो अवघडच निघाला, कारण दुकानातलं रिफाइंड तेल स्वस्त आणि माझं महाग पडणार होतं. तरी मी पीएफ काढला आणि चाकण-तळेगाव रस्त्याला एक गाळा घेतला.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘मी जे आयुष्यभर झाकलं ते तू रस्त्यावर पाटी लावून सांगणार.’ मग त्यांनी मला विचारलं, ‘पाटीवर काय लिहिणार?’ मी म्हणाले, ‘घाणा.’ ‘फक्त घाणा?’ ‘तेल्याचा घाणा.’ ते उठून गॅलरीत गेले. तीन महिने ते गाळ्याकडे फिरकले नाहीत.

पहिला घाणा बिघडला. पाणी जास्त पडलं. दुसऱ्याला कमी पडलं, पेंड गच्च झाली, मोटर रडायला लागली. मशीन देणाऱ्यानं कागदावर मापं लिहून दिली होती, मिलिलिटरमध्ये. मी गेजवर वाढलेली, मापाला चिकटून राहिले आणि प्रत्येक पोत्यातले दाणे निराळे निघाले. एक कोरडा, एक ओलसर, एक मागच्या वर्षीचा. आठवड्याभरात सत्तर किलो दाणे वाया गेले. मी आईला फोनवर रडत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, पहिल्या पाळीच्या वेळेला, अण्णा गाळ्याच्या दारात उभे होते. पायात कंपनीचे जुने सेफ्टी शूज.

ते काही बोलले नाहीत. बाह्या वर केल्या. भरडा फिरत होता, त्यात त्यांनी दोन बोटं घातली, अंगठ्यानं चोळलं आणि पाण्याच्या भांड्याकडे हात केला. मी भांडं दिलं. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, अर्धं परत सोडलं आणि बाकीचं हबका मारून टाकलं. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. लगदा कडेला सरकला. मध्ये चकाकी आली.

‘सुटलं,’ अण्णा म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर ते रोज यायला लागले. एक वही घातली. कंपनीत ठेवायचे तशी: तारीख, दाण्याचा गाव, ओल किती वाटली, पाणी किती, तेल किती, पेंड कशी. अक्षर तेच, ड्रॉइंगवरच्या आकड्यांसारखं सरळ. पानांच्या कोपऱ्यांना अंगठ्याचे तेलकट ठसे आहेत. एकदा गर्दी होती म्हणून मी ते पान पुसायला कपडा घेतला, तर त्यांनी वही माझ्या हातून काढून घेतली.

जानेवारी २०२४ मध्ये, मार्गशीर्षात, आम्ही सुदुंबऱ्याला गेलो. संताजींच्या पुण्यतिथीला तिथं लांबून लोक येतात, विदर्भातून सुद्धा. अण्णा याआधी कधी आले नव्हते. आजीनं किती वेळा म्हटलं तरी त्यांना त्या दिवशी ओव्हरटाइम असायचा. समाधीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. हात जोडले नव्हते, नुसते उभे. मग वाकून त्यांनी कडेची थोडी माती उचलली, बोटात चोळली, भरडा बघतात तशी, आणि परत ठेवली.

दुपारी महाप्रसादाच्या पंगतीत आम्ही बसलो. अण्णांच्या शेजारी एक वारकरी होते, वर्ध्याकडचे, गळ्यात तुळशीची माळ. वाढप सुरू होतं. त्यांनी अण्णांच्या सेफ्टी शूजकडे पाहिलं, ते त्यांनी पंगतीबाहेर काढून ठेवले होते, आणि विचारलं, ‘कंपनीतले दिसता. कुठं असता?’

माझा हात ताटावरच थांबला.

‘होतो कंपनीत,’ अण्णा म्हणाले. ‘एकतीस वर्षं, ग्राइंडरवर. आता घाण्यावर असतो. चाकण रस्त्याला.’

‘घाण्यावर म्हणजे?’

‘तेली आहे मी,’ अण्णा म्हणाले, आणि जग उचलून त्यांनी आधी त्यांच्या ग्लासात पाणी ओतलं, मग स्वतःच्या.